स्टँडबायवर चाचणी नको, स्टँडबायची चाचणी करा

प्रश्न: रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि जिल्ह्यात नऊ शाखा असलेल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. डेटाबेस पोस्टग्रेस १५, आकार १८० जीबी. मुख्य सर्व्हर रत्नागिरीत; तो बंद पडला तर चालवायला ठेवलेली त्याची नक्कल, म्हणजे स्टँडबाय, चिपळूण शाखेत पहिल्या मजल्यावर, मध्ये ५० एमबीपीएसची लाइन. रोज साधारण ६ जीबी वॉल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, तयार होतो, व्याज जमा करायच्या रात्री तो तीसच्या घरात जातो. मुख्य सर्व्हरच्या डिस्कवर ४५ जीबी जागा मोकळी आहे, वॉलचं अर्काइव्ह (जपून ठेवायची प्रत) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीत, जातं. मुदत ठेवींच्या व्याजाचा नवा भाग बसवायचाय. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, 'स्टँडबाय नुसता पडून आहे. दोन दिवस आम्हाला खुला करून द्या, खऱ्या डेटावर चाचणी होईल, मग परत जोडून टाकू.' नवं मशीन घ्यावं लागत नाही म्हणून सचिवसाहेबांनाही पटलंय. मला धाकधूक वाटते, पण नक्की काय बिघडेल ते सांगता येत नाही. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: सॉफ्टवेअरवाल्यांना आधी 'थांबा' म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

'पडून आहे' हा शब्दच फसवा आहे. मागच्या पडवीत रचलेली जादा कौलंही वर्षभर पडूनच असतात, म्हणून कुणी ती गोठ्यावर चढवत नाही. माकडांनी ऐन पावसात चार कौलं फोडली की ती लागतात, आणि तेव्हा ती जागेवर असावी लागतात. शिवाय तुमचा स्टँडबाय रिकामा बसलेलाही नाही. मुख्य सर्व्हरवरची प्रत्येक नोंद तो वॉलमधून घेऊन स्वतःच्या डिस्कवर उतरवतोय, आणि पोस्टग्रेसमध्ये हे उतरवण्याचं काम एकच प्रोसेस करते. तिच्या डिस्कवर दुसऱ्या कुणी धुमाकूळ घातला की ती मागे पडते.

आता 'खुला करून देणं' म्हणजे काय ते बघा. स्टँडबाय फक्त वाचू देतो. त्यावर लिहायचं तर त्याला प्रमोट करावं लागतं, म्हणजे मुख्य सर्व्हर बनवावं लागतं, आणि प्रमोट केलं की त्याची टाइमलाइन, म्हणजे इतिहासाच्या फाट्याचा नंबर, बदलते: १ ची २ होते. वॉल फाइलच्या चोवीस अक्षरी नावातली पहिली आठ अक्षरं हीच टाइमलाइन सांगतात. त्या क्षणापासून रत्नागिरी आणि चिपळूण हे एकाच झाडाचे दोन फाटे. चिपळूणच्या फाट्यावर चाचणीचं व्याज जमा होणार, रत्नागिरीच्या फाट्यावर लोकांचे खरे पैसे. 'परत जोडून टाकू' असं बटण पोस्टग्रेसमध्ये नाही. चिपळूणचा फाटा मुळापर्यंत छाटावा लागतो किंवा सगळी प्रत नव्याने आणावी लागते.

नव्याने आणायची तर हिशेब सोपा आहे. १८० जीबी म्हणजे १४,४०,००० मेगाबिट. ५० एमबीपीएसने २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास. तेही लाइन पूर्ण वेगाने आणि अखंड चालली तर. सगळी प्रत आणणारं पीजी_बेसबॅकअप अर्ध्यावर तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून करावं लागतं. सातव्या तासाला चिपळूणशेजारी खेर्डीत लाईट गेली की आठ तास पुन्हा. दिवसा शाखांचं काम त्याच लाइनवर असेल तर रात्रीच हे करायचं, म्हणजे एक रात्र हुकली की आणखी एक दिवस स्टँडबायविना.

छाटण्याचं साधन पीजी_रिवाइंड. त्याला एक अट आहे, जी बऱ्याच जणांना ऐन वेळी कळते: डेटा चेकसम (डेटाच्या प्रत्येक पानावरचा पडताळणीचा आकडा) आधीपासून चालू हवेत, नाहीतर वॉलमध्ये जादा नोंद ठेवणारं वॉल_लॉग_हिंट्स आधीपासून 'ऑन' हवं. पोस्टग्रेस १५ मध्ये दोन्ही मुळात बंद असतात. आजच 'शो डेटा_चेकसम्स' आणि 'शो वॉल_लॉग_हिंट्स' करून बघा. दोन्हीकडे 'ऑफ' दिसलं, तर रिवाइंड कामच करणार नाही आणि ते आठ तास तुमच्या नशिबी आहेत.

दुसरं संकट रत्नागिरीत, मुख्य सर्व्हरवरच. रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे स्टँडबायने वॉल कुठवर उचलला याची मुख्य सर्व्हरवरची खूण, वापरत असाल तर स्टँडबायने न उचललेला वॉल मुख्य सर्व्हर जपून ठेवतो. चिपळूण प्रमोट झालं की ते वॉल उचलणं थांबवतं, पण स्लॉटला ते कळत नाही. तो वाट बघत राहतो. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही मर्यादा मुळात उणे एक, म्हणजे बेमुदत. दोन दिवसांचे १२ जीबी आणि मध्ये व्याजाची रात्र आली तर तिचे ३०, मिळून ४२. तुमच्याकडे मोकळे ४५. आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे 'दोन दिवस' सोमवारी सुरू झाले तर शुक्रवारी संपतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वॉलची जागा भरली की पोस्टग्रेस नुसता हळू होत नाही, पॅनिक नोंदवून बंद पडतो आणि जागा केल्याशिवाय उठत नाही. अशा वेळी घाबरून पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने पुसणारे भेटतात. त्यानंतर जे होतं ते दुरुस्तीच्या पलीकडचं असतं.

पण सगळ्यात वाईट सापळा नॅसवर आहे, कारण तो लगेच दिसत नाही. स्टँडबाय उभारताना मुख्य सर्व्हरची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलतात, त्यामुळे त्यातली अर्काइव्ह_कमांडही (वॉल नॅसवर टाकायची आज्ञा) तीच असते. अर्काइव्ह_मोड नुसतं 'ऑन' असेल तर स्टँडबाय असेपर्यंत तो सर्व्हर अर्काइव्ह करत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने झाकून राहते. प्रमोट झाल्या झाल्या तो त्याच नॅसवर दोन नंबरच्या टाइमलाइनची हिस्टरी फाइल आणि पाठोपाठ चाचणीचा वॉल टाकू लागतो.

आता समजा, त्याच आठवड्यात रत्नागिरीची डिस्क गेली. तुम्ही आदल्या रविवारचा बॅकअप काढता आणि नॅसवरून वॉल लावायला घेता. पोस्टग्रेस १२ पासून रिकव्हरी मुळातच 'लेटेस्ट' टाइमलाइनच्या मागे जाते. नॅसवर सर्वांत नवी टाइमलाइन कोणती? २. म्हणजे रिकव्हरी प्रमोशनच्या क्षणापर्यंत खरी नोंद लावते, आणि तिथून वळून चाचणीच्या व्याजाच्या फाट्यावर शिरते. सर्व्हर कुरकुर न करता सुरू होतो. लॉगमध्ये लाल काही नाही. सोमवारी सकाळी गुहागरचा खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहतो तेव्हा कळतं. बॅकअप प्रमोशननंतरचा असेल तर निदान रिकव्हरी सुरूच होत नाही, टाइमलाइन २ ही या सर्व्हरच्या इतिहासातली नाही म्हणून ती अडते. ते परवडलं. तोपर्यंत तुमचा घाम निघतो तो वेगळा. उपाय रिकव्हरी_टार्गेट_टाइमलाइनला 'लेटेस्ट'ऐवजी १ देण्याचा आहे, पण रात्री दोन वाजता हे आठवायला आधी माहीत असावं लागतं.

ॲप्लिकेशनची कनेक्शनची ओळही उघडून बघा. तिच्यात रत्नागिरी आणि चिपळूण असे दोन्ही पत्ते आणि शेवटी 'रीड-राइट सर्व्हर शोध' अशी सूचना असेल, तर ती एरवी फार उपयोगी. पण चिपळूणला प्रमोट केल्यावर लिहू देणारे सर्व्हर दोन झाले. रत्नागिरीचा स्विच अर्धा मिनिट बंद पडला, की एखाद्या शाखेचं ॲप्लिकेशन दुसऱ्या पत्त्यावर जातं, तिथे लिहिता येतंय म्हणून खूश होतं आणि तिथेच बसतं. पिग्मी एजंटाने दिवसभर दारोदार फिरून जमवलेली रक्कम संध्याकाळी मशीनमधून उतरते ती चाचणीच्या डेटाबेसमध्ये. एजंटाकडे पावत्या आहेत, शाखेत रोकड आहे, खात्यात जमा नाही. आणि चाचणी संपल्यावर तो फाटा छाटला की ती नोंदही गेली.

एसएमएसचं तर सांगायलाच नको. रांगेत पडलेले संदेश पाठवणारं काम डेटाबेसमध्येच शेड्यूल केलेलं असेल तर प्रमोट होताच तेही जागं होईल आणि खातेदारांना न झालेल्या व्याजाचे संदेश जातील.

कुणी म्हणेल, लिहायचंच नाही, नुसते रिपोर्ट चालवून बघू. त्याला मनाई नाही, पण तेही फुकट पडत नाही. मुख्य सर्व्हरवर व्हॅक्युमने जुन्या ओळी साफ केल्या आणि चिपळूणला एखादा लांबलचक रिपोर्ट त्याच ओळी वाचत असेल, तर स्टँडबाय ३० सेकंद थांबतो आणि मग रिपोर्ट तोडतो. 'रिकव्हरीशी संघर्ष झाल्याने रद्द' अशा अर्थाची एरर येते. सॉफ्टवेअरवाला मग मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले उणे एक करायला सांगतो. तसं केलं की रिपोर्ट चालतो, पण तो चालेपर्यंत वॉल उतरणं थांबू शकतं, आणि तुमचा स्टँडबाय तासाभराने जुना होतो. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू केलं तर ओझं उलट्या बाजूला: मुख्य सर्व्हरवरच्या जुन्या ओळी साफ होत नाहीत, टेबलं फुगतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटांचा रिपोर्ट असेल तर चालवा. व्याजाच्या भागाची चाचणी मात्र यात बसत नाही. स्टँडबायवर साधं टेम्पररी टेबलही बनवता येत नाही.

एक वेगळा पण जवळचा धोका. 'नवी ऑपरेटिंग सिस्टिम आधी स्टँडबायवर टाकून बघू' ही सूचना आज ना उद्या येईलच. पोस्टग्रेसचं छोटं अपडेट, म्हणजे १५ च्या आतलं, आधी स्टँडबायवर टाकणं हीच शिफारस आहे. लिनक्स बदलणं हे वेगळं प्रकरण. लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी, तिच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. स्टँडबाय ही ब्लॉकन्‌ब्लॉक नक्कल असल्याने इंडेक्स (शोधाची सूची) जुन्या क्रमाने रचलेला येतो आणि नवी लायब्ररी तो नव्या क्रमाने वाचते. परिणाम असा, की नाव टेबलात आहे पण शोधलं तर सापडत नाही. नावांवर शोध घेणाऱ्या संस्थेत हे कधी लक्षात येईल याचा भरवसा नाही. दोन्हीकडे 'एलडीडी --व्हर्जन' करून आकडा जुळतो का ते बघा.

मग चाचणी कुठे करायची? तिसऱ्या प्रतीवर. त्यासाठी सर्व्हर लागत नाही. १ टीबी एनव्हीएमई डिस्क आणि ३२ जीबी रॅम असलेला साधा डेस्कटॉप पुरतो, आणि कार्यालयात असा एखादा बरा संगणक असेल तर नुसती डिस्क घ्या. त्यावर लिनक्सची तीच आवृत्ती, पोस्टग्रेस १५, आणि रात्रीचा बॅकअप नॅसवरून उतरवा. कार्यालयातल्या गिगाबिट नेटवर्कवर १८० जीबी अर्ध्या तासाच्या आसपास येतो, नॅसच्या डिस्क जुन्या असतील तर तासाभरात. सचिवसाहेबांना सांगायला यात एक मुद्दा आहे: बॅकअप खरंच उतरतो का, हे यातून आपोआप तपासलं जातं. न उतरवलेला बॅकअप संचालक मंडळाच्या अहवालात लिहायला ठीक असतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी चार गोष्टी करा, सुरू केल्यावर नाही. अर्काइव्ह_मोड 'ऑफ'. प्रायमरी_कॉनइन्फो (मुख्य सर्व्हरचा पत्ता) आणि प्रायमरी_स्लॉट_नेम रिकामं, म्हणजे ही प्रत चुकूनही मुख्य सर्व्हरला जाऊन स्लॉट धरणार नाही. ही नावं पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्येही लपलेली असतात, तिथेही बघा. नॅस फक्त वाचता येईल असाच जोडा. आणि नेटवर्क केबल वेगळ्या स्विचवर, बाहेरचं इंटरनेट बंद. नंतर सगळे पासवर्ड बदला, शेड्यूल केलेली कामं बंद करा, एसएमएसची रांग रिकामी करा.

खातेदारांची माहिती झाकल्याशिवाय सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती ती प्रत देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर आहेच, पण लहान गावात कुणाची ठेव किती हे बाहेर जाणं संस्थेला कायद्याआधी भोवतं. झाकताना सगळ्यांना एकच मोबाइल नंबर देऊ नका. युनिक इंडेक्स अडतो, आणि नाही अडला तरी क्वेरीचा प्लॅन खऱ्यापेक्षा वेगळा निघतो. आधारचा शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासअंक असतो. नुसते बारा यादृच्छिक अंक टाकले तर ॲप्लिकेशन ते नाकारेल, तेव्हा तपासअंक मोजूनच टाका. नावं झाकायची तर देवनागरी नावांच्या जागी देवनागरीच नावं, साधारण तेवढ्याच लांबीची, नाहीतर शोध आणि छपाई यांची चाचणी झालीच नाही असं समजा. आणि झाकून झाल्यावर डिस्क द्यायची नाही, पीजी_डंप काढून द्यायचा: अपडेट केलेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या डेटा फाइलींत पडून राहतात, डंपमध्ये त्या येत नाहीत.

मंडळाने तरीही 'चिपळूणवरच करा' असा ठराव केला, तर निदान परतीची वाट बांधून जा. पोस्टग्रेसचा डेटा वेगळ्या एलव्हीएम व्हॉल्यूमवर (लिनक्सने पाडलेल्या डिस्कच्या भागावर) असेल आणि ग्रुपमध्ये ६० जीबी जागा मोकळी असेल, तर स्टँडबाय नीट बंद करा, व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या, मग सुरू करून प्रमोट करा. चाचणी संपली की पोस्टग्रेस बंद, व्हॉल्यूम अनमाउंट, स्नॅपशॉट मर्ज. तो सर्व्हर प्रमोट होण्याआधी होता तिथे येतो, आणि साठलेला वॉल उचलून रत्नागिरीला गाठतो; १२ जीबी असेल तर लाइनवरून अर्धा-पाऊण तास. रिवाइंडपेक्षा हे सोपं. स्नॅपशॉट किती भरला ते 'एलव्हीएस'ने दर तासाला बघा, कारण भरला की तो निकामी होतो आणि आपण पुन्हा आठ तासांवर. ईटीसीखालच्या कॉन्फिग फाइली स्नॅपशॉटमध्ये नसतात, त्या हाताने पूर्ववत कराव्या लागतात.

प्रमोट करण्याआधी चिपळूणची अर्काइव्ह_कमांड बदला, ॲप्लिकेशनच्या ओळीतून तो पत्ता काढा, फायरवॉलवर फक्त चाचणी करणाऱ्याचा पत्ता ठेवा. रत्नागिरीत मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ २५ जीबी करा. त्याला रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो. मर्यादा ओलांडली तर स्लॉट 'लॉस्ट' होईल, पण मुख्य सर्व्हर उभा राहील. स्टँडबायला नॅसवरचं अर्काइव्ह वाचायची रिस्टोअर_कमांड दिलेली असेल तर तो तिथूनही भरून काढतो, फक्त स्लॉट पुसून नवा करावा लागतो. त्या दिवसांत बॅकअप दिवसातून दोनदा घ्या. व्याजाचा आठवडा, महिनाअखेर आणि जून ते सप्टेंबर हे सगळे दिवस वर्ज्य.

ओरॅकल वापरणारे म्हणतील, आमच्याकडे ११जीपासून स्नॅपशॉट स्टँडबाय आहे. आहे, आणि चांगला आहे: चाचणी चालू असताना रीडू, म्हणजे ओरॅकलचा वॉल, येत राहतो, नुसता लागू होत नाही, आणि परत फिरवलं की बदल टाकून दिले जातात. पण त्या काळात फेलओव्हर करायचा, म्हणजे मुख्य सोडून स्टँडबायवर जायचं, तर आधी परत फिरवून साठलेला सगळा रीडू लावावा लागतो, आणि फास्ट रिकव्हरी एरिया भरला तर तिथेच अडतं. मायएसक्यूएलमध्ये उलट अडचण, तिथे कुणी अडवतच नाही. रीड_ओन्ली किंवा सुपर_रीड_ओन्ली चालू केलेलं नसेल तर रेप्लिकावर सरळ लिहिता येतं, आणि काही दिवसांनी १०६२ नंबरची डुप्लिकेट एरर देऊन रेप्लिकेशन थांबतं.

हे सगळं स्टँडबाय*वर* चाचणी करण्याबद्दल. स्टँडबाय*ची* चाचणी मात्र तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेली नाही, आणि ती झाली नसेल तर चिपळूणचं मशीन म्हणजे नुसता आशेवर चालणारा खर्च. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं, म्हणून पहिला मजला निवडलात ते बरोबरच. पण पाण्यातून मशीन वाचलं तरी लाईट आणि लाइन वाचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून ही तालीम आगोटीच्या आधी, ३१ मार्चचं काम उरकल्यावर, एप्रिलच्या उत्तरार्धातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी ठेवा. तौक्ते मे महिन्याच्या मध्यालाच आलं होतं, तेव्हा मे वर भिस्त नको.

त्या संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर ॲप्लिकेशन थांबवा. रत्नागिरीचा पोस्टग्रेस नीट बंद करा आणि पीजी_कंट्रोलडेटाने दोन्हीकडचा शेवटचा चेकपॉइंट जुळतो का ते बघा. जुळला तरच चिपळूण प्रमोट करा, आणि या वेळी अर्काइव्ह चालू ठेवा, कारण आता तोच खरा सर्व्हर. रत्नागिरीत स्टँडबाय.सिग्नल फाइल ठेवून, प्रायमरी_कॉनइन्फोत चिपळूणचा पत्ता देऊन त्याला स्टँडबाय म्हणून उठवा. नीट बंद केलेला असल्याने रिवाइंड लागत नाही. सोमवारचा पूर्ण दिवस सगळ्या शाखा चिपळूणवर चालवा आणि संध्याकाळी त्याच पद्धतीने परत या. घड्याळ लावून प्रत्येक पायरीची वेळ लिहून ठेवा.

पहिल्या तालमीत डेटाबेस सहसा अडत नाही. अडतात पिग्मीची मशीनं, ज्यांत रत्नागिरीचा आयपी पत्ता कुणीतरी कधीकाळी हाताने टाकून ठेवलेला असतो. शनिवारच्या आधी प्रत्येक एजंटाचं मशीन मागवून तो पत्ता तपासा.